नाशपतीच्या झाडाचा अर्धा वाटा

यॉर्कशायरमधल्या पिकरिंग गावातल्या निम्म्या लोकांनी शाळेत असताना एनिड काउलिंगच्या हातचं कस्टर्ड खाल्लं होतं. तीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मुख्याध्यापकांच्या मुलाच्या ताटातही तिने कधी चमचाभर जास्त वाढलं नाही.

नवरा वॉल्टर जाऊन तेवीस महिने झाले होते. त्याचं मृत्युपत्र तिला पाठ होतं: घराचा त्याचा अर्धा हिस्सा विश्वस्तांकडे, एनिडने हयातभर तिथे राहायचं, आणि तिच्यामागे तो हिस्सा रोझलिंडला, म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलीला. मागच्या अंगणातलं नाशपतीचं झाड कललं, तेव्हा ते तोडायला परवानगी लागते का, हे विचारायला एनिड ते मृत्युपत्र करून देणाऱ्या डॉक्रे वकिलांकडे गेली. दुसरं कुणी गेलं नसतं.

डॉक्रेंनी घराचे कागद काढले आणि चष्मा पुसत बसले.

"मिसेस काउलिंग, चूक आमची आहे. घर तुम्हा दोघांच्या नावावर एकत्र होतं. हिस्से वेगळे करायची नोटीस आम्ही द्यायला हवी होती, ती राहिली. त्यामुळे वॉल्टर गेले त्या क्षणी सगळं घर तुमचं झालं. मृत्युपत्राच्या हाती काही लागलंच नाही."

"मग रोझलिंडला?"

"काही नाही. तुम्ही मनात आणलंत तर दोन वर्षांच्या आत दस्त करून मूळ व्यवस्था परत आणता येईल. एक महिना उरलाय. वारसा कर आत्ता कशातच नाही, बायकोला माफ असतो. पण सही केलीत की तो अर्धा भाग तुम्हाला पुन्हा आपला म्हणता येणार नाही. दुसऱ्या वकिलाला विचारा. चूक आमची, तेव्हा सल्ला आम्ही देणं बरं नव्हे."

बहीण मॉड चहा ओतता ओतता म्हणाली, "घे की गप्प. ती पोरगी नाताळचं कार्ड पाठवते, तेही फेब्रुवारीत पोचतं."

"पोचतं ना?"

"म्हातारपणी कोण बघणार आहे तुला?"

दोन रात्री एनिडला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी व्हिटबीच्या बसने जाऊन तिने दुसऱ्या वकिलाला विचारलं. त्याने सांगितलं, सही करू नका. ती परत आली आणि तिने सही केली.

रोझलिंड लीड्सहून आली. दस्त वाचून तिने खाली ठेवला.

"एनिड, तू बोलली नसतीस तर मला कधी कळलंही नसतं."

"वॉल्टरने मला राहायला दिलं होतं. राहतेय की. डागडुजी माझ्याकडे, कागदात तसंच आहे. तेवढं नाशपतीचं सांग. तोडू का?"

"मला कशाला विचारतेस?"

"अर्धं झाड तुझं आहे."

रोझलिंड खिडकीपाशी गेली. तिच्या आईने लावलेलं झाड होतं ते.

"नको तोडूस," ती म्हणाली.

एनिडने बूट चढवले आणि टेकूसाठी बल्ली शोधायला निघाली. रोझलिंड तिच्या मागोमाग गेली.