सहा म्हशींना गूळ

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर राग भाड्यानं राहत नाही, मालकीनं राहतो. आता केस पांढरे झाले, पण तो मालक काही घर सोडून गेलेला नाही. या रागापायी मी आयुष्यात बरीच माणसं दुखावली. त्यातल्या दोघांनी मात्र माझा राग पदरात घेऊन वर माझंच भलं केलं. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात प्रबंध लिहून एम.एस्सी. करत होते. घर कबनूरला. वडील मागावर कामाला होते, आणि मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. वडिलांनी मला दोन वर्षं दिली होती. दोन वर्षांत काय शिकायचं ते शिक, मग लग्न. इचलकरंजीचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि ते लोक थांबायला तयार होते, पण किती थांबणार? वैशाखापर्यंत प्रबंध संपला नाही तर तो तसाच अर्धवट माळ्यावर जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे मार्गदर्शक सर शेतकऱ्याचं पोर. जनावराला वैद्य न बोलावता घरचं काहीबाही चारून बरं करणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. त्यातलं खरं किती आणि समजूत किती, हे मोजून बघायचं त्यांच्या मनात होतं. माझ्या वाट्याला शतावरी आली. म्हशीला शतावरीची मुळी घातली की दूध वाढतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. सर म्हणाले, "म्हणतात ना? मग मोज."

मुळ्या मिळायच्या जुन्या बाजारातल्या एका काष्ठौषधींच्या दुकानात. दुकान कसलं, पोत्यांच्या मधून वाट काढत जायची एक बोळवजा जागा. तिथं दाढी मेंदीनं रंगवलेले एक चाचा बसत. त्यांच्या आजोबांपासूनचा हा धंदा. शाहूवाडीच्या डोंगरातली माणसं त्यांना मुळ्या आणून देत. खरी मुळी कशी ओळखायची ते मला चाचांनी शिकवलं. साल निघालेली हवी, मधली शीर ओढून काढलेली हवी, मोडली तर दुधाळ पांढरी हवी आणि चघळली तर आधी गोड, मग किंचित कडू. पुस्तकात हे सगळं होतं, पण पुस्तक चघळता येत नाही.

आणि म्हशी होत्या आक्कांच्या. हातकणंगल्याच्या अलीकडे, रस्त्यालगत त्यांचा गोठा होता. एका दावणीला सहा म्हशी, सगळ्या दोन-तीन महिन्यांपूर्वी व्यालेल्या. आक्का चाळिशीच्या, उंच, आवाज पार स्टेशनापर्यंत जाणारा. आमच्या भागातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आक्का तसं बोलल्या की ते त्यांना अगदी शोभून दिसायचं. नवरा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, हंगामात घरी क्वचितच. गोठा सगळा आक्कांच्या हातावर.

माझा दिनक्रम असा होता. पहाटे कबनूरहून सायकलनं निघायचं, आक्का धार काढत असताना प्रत्येक म्हशीचं दूध वेगळं मोजायचं, सहा बाटल्यांत नमुने भरायचे आणि पॅसेंजर पकडून कोल्हापूर गाठायचं. दुपारी प्रयोगशाळेत आम्ल घालून, यंत्रात फिरवून दुधाचं फॅट काढायचं. सायकलवर बाटल्या फुटू नयेत म्हणून मी त्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळत असे. डब्यातल्या बायका विचारत, "काय विकतीस गं?"

पहिले पंधरा दिवस नुसतं मोजमाप. मग तीन म्हशींच्या शिंगांना तांबडा दोरा बांधला. रोज संध्याकाळी या तिघींना शतावरीची पूड द्यायची, बाकीच्या तिघींना नाही. म्हणजे फरक पडला तर तो पुडीनं पडला, असं म्हणता येईल. पूड कडवट, म्हशी तोंड फिरवत. म्हणून ती सरकी पेंड आणि गुळात मळून तीन गोळे करायचे ठरलं. मी मोजून पुड्या बांधून देई, गोळे करून घालायचं काम आक्कांचं, कारण संध्याकाळी मी कोल्हापुरात असे.

"तांबड्या दोऱ्याच्या तिघींनाच हं, आक्का."

"व्हय की," आक्का म्हणाल्या.

दीड महिना झाला. दूध वाढलं. पण सहाही म्हशींचं वाढलं, आणि जवळजवळ सारखंच. मी वही तीनदा तपासली, बेरजा चारदा केल्या. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गळीत हंगाम सुरू झालाय. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं मिळायला लागलं, त्यानं वाढलं असणार. पुडीचा काही उपयोग दिसत नाही. तसं लिही. काही होत नाही, हे कळणं हासुद्धा निष्कर्षच."

सर बरोबर बोलत होते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, चाचांनी मुळ्याच भेसळीच्या दिल्या. तशीच उठले, बाजारात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. पोत्यातली एक मुळी काढून त्यांनी मोडली, निम्मी माझ्या हातावर ठेवली, निम्मी स्वतःच्या तोंडात टाकली.

"मुळी माझी हाय बेटी, म्हस माझी न्हाय," ते म्हणाले. "मुळी खरी हाय. आता म्हशीकडं जाऊन बघ की."

मी मुळी तोंडातही न घालता निघून आले. आज हे लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभरात प्रबंध लिहून झाला. टंकलेखनालाही गेला. मोकळी झाले म्हणून मी आक्कांना चोळीचा खण घेऊन गेले. चहा पिता पिता सहज म्हणाले, "औषधाचा काही उपयोग नाही, असं लिहिलंय मी."

आक्कांनी बशी खाली ठेवली. "कोण म्हणतंय उपेग न्हाय? साऱ्या म्हशींचं दूध वाढलंय की!"

"तेच तर आक्का. ज्यांना पूड दिली नाही, त्यांचंही वाढलं."

"दिली न्हाय कुनाला? साऱ्यांनाच घातली की मी."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. तीन गोळे रोज मोडून आक्कांनी सहा केले होते.

"तांबड्या दोऱ्याच्या तिघींनाच, असं मी सांगितलं नव्हतं का?" माझा आवाज चढला.

"सांगितलं हुतंस. मीबी व्हय म्हटलं हुतं. पर एका दावणीला बांधलेली जनावरं. एकीच्या तोंडात गूळ चाललाय आन शेजारची मान लांब करून बगतीया. जेवणाच्या पंगतीत एकाच्या पानात लाडू आन दुसऱ्याचं पान मोकळं, असं करतं व्हय कुणी? पयल्या दिवशी केलं तसं. त्या राती माझ्या घशाखाली घास उतरला न्हाय."

"मग मला सांगायचं तरी!"

"तू रोज दूध मोजलंस, बाटल्या मोजल्यास, येळ मोजलीस. मला कवा इचारलंस?"

या वाक्यापुढे माझा राग पहिल्यांदा जागच्या जागी बसला. दोन महिने मी त्या बाईच्या गोठ्यात रोज जात होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं की आक्का, काल गोळे कसे घातले.

पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा मनात एकच विचार होता. गप्प राहिलं तर? प्रबंध तयार आहे. उसाच्या वाड्याचं कारण पटण्यासारखं आहे. आक्का तर कुणाला सांगायला जाणार नाहीत. वैशाखाच्या आत मोकळी होईन. पण मग त्या प्रबंधात कायमचं राहणार की चाचांची मुळी कामाची नाही, आणि ते खोटं आहे हे मला माहीत असणार. खोटं नाही म्हणा, पण खरंही नाही. कोल्हापूर येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडले आणि उतरल्यावर थेट सरांच्या खोलीत गेले.

सर सगळं ऐकून आधी हसले, मग गंभीर झाले. "पुन्हा करावं लागेल. चार महिने तरी लागतील. घरी चालेल?"

घरी चालणार नव्हतं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि "नाही" म्हणाले. आमच्या घरात हळू आवाजात 'नाही' म्हटलं की तो शेवटचा शब्द असे. दुसऱ्या दिवशी मी आक्कांकडे रडले. मला रडताना पाहण्याचा मान फार थोड्यांना मिळाला आहे.

"तुझ्या बाला मी भेटतो," आक्का म्हणाल्या.

रविवारी त्या खरोखर एस.टी.नं कबनूरला आल्या, हातात दह्याचं गाडगं. उंबऱ्यातूनच त्यांनी वडिलांना हाक मारली. "पावणं, तुमच्या पोरीचं काम माझ्यामुळं नासलंय. तिचं चार म्हैनं मी खाल्ल्यात. ते मला भरून देऊ द्या."

वडील म्हणाले, "झालं ते झालं. लिहिलंय तेच दे म्हणावं."

"तुमी मागावर हाय न्हवं? मदी धागा तुटला तर तसाच ताणा पुढं ढकलता व्हय?"

तुटलेला धागा तसाच विणला तर कापड सदोष ठरतं, आणि वडिलांच्या मागावरून सदोष कापड निघाल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ते उठले, बाहेर जाऊन विडी ओढून आले आणि म्हणाले, "चार महिने. पाचवा नाही." स्थळाच्या घरी ते स्वतः जाऊन सांगून आले.

पण मूळ अडचण तशीच होती. एका दावणीला तिघींना गूळ आणि तिघींना नुसती गव्हाण, हे आक्कांच्या हातून पुन्हाही होणार नव्हतं. त्यांनीच तोडगा काढला. धार काढता काढता, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाल्या, "साऱ्यांना गूळ दे. पेंड दे. पुडी तेवढी तिघींच्यात घाल. म्हंजे कुनी कुनाकडं बगायचं न्हाय."

मी हो म्हणणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "आन कुटल्या गोळ्यात काय हाय ते मला सांगू नगंस. कळलं की माझा हात वळतोय बघ. तांबडं दोरं सोडून टाक, आन तूच म्हशीगणिक गोळं करून, खुणा घालून दे."

मी हे सरांना सांगितलं. सरांनी जुनी वही उघडून पाहिली. मग म्हणाले, "आपण पहिल्या वेळी तिघींना गूळ दिला आणि तिघींना दिलाच नाही. फरक पडला असता तर तो पुडीचा की गुळाचा, हे कुठून कळणार होतं? चूक आपली होती. बाईंनी ती सुधारली, आणि घालणाऱ्याचा हात वळण्याची वाटही बंद करून टाकली." सरांनी कुणाचं एवढं कौतुक केलेलं मी पुन्हा ऐकलं नाही.

नवीन मुळ्यांसाठी मी चाचांकडे गेले. दुकानासमोर उभी राहिले. म्हणाले, "चाचा, मुळी खरी होती. चूक माझी झाली." तेही गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, कारण बोलले होते तेही गिऱ्हाइकांसमोरच. चाचांनी पोत्यातली एक मुळी मोडून माझ्या हातावर ठेवली. या वेळी मी ती खाल्ली. ते म्हणाले, "बस बेटी, चा घे," आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांच्या जागी मी असते तर वर्षभर काढला असता.

आता म्हशींचा दुभता काळ सरत आला होता आणि दूध उतरणीला लागलं होतं. पण पूड खाणाऱ्या तिघींचं दूध बाकीच्यांपेक्षा सावकाश उतरलं. फरक डोळे दिपवणारा नव्हता. वहीत मात्र तो आठवड्यामागून आठवडा दिसत राहिला. मी तेवढाच लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सगळ्यांना सारखे गोळे, आणि घालणाऱ्यालाही माहीत नाही, ही कल्पना कुणाची?" सर माझ्याकडे बघून गालात हसले. मी म्हणाले, "गोठ्याच्या मालकीणबाईंची." परीक्षकांना ती थट्टा वाटली. मी ती थट्टा नाही हे पटवेपर्यंत परीक्षेची वेळ संपली, आणि मी पास झाले.

पण मला आठवतो तो त्याआधीचा एक दिवस, शेवटच्या मोजमापाचा. नमुने भरून झाले, वही मिटली. आक्का म्हणाल्या, "झालं न्हवं समदं? आता सांग, कुटल्या तिघींना मिळालं न्हाय?"

मी बोटानं दाखवल्या. आक्कांनी उरलेली सगळी पूड परातीत ओतली, गूळ फोडला, पेंड घातली आणि तीन मोठे गोळे वळले. एकेकीच्या तोंडात घालत, मानेवरून हात फिरवत त्या म्हणत होत्या, "खा बायांनो. तुमी गप ऱ्हायलासा म्हणून माझी पोरगी शिकली."

मी परात धरून उभी होते. मला त्या 'माझी' म्हणाल्या, ते मी ऐकलं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण पॅसेंजरची वेळ झाली होती, आणि मी बाटल्या लुगड्यात गुंडाळून सायकलवर बसले. आक्का, ते तेव्हा राहिलं. आज बोलते. तुमच्यामुळेच मी शिकले.