एसटीच्या खिडकीतून फेकलेलं बी

भोरच्या बाजारात वसंतरावांना त्यांच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. सगळे म्हणतात ‘फुलवाले कंडक्टर’. एके काळी ही हाक कानावर पडली की त्यांची छाती वीतभर फुगायची. आता हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून ते पहिल्या गल्लीत सटकतात. आता तुम्ही म्हणाल, फुलांवरनं नाव पडलं तर त्यात लाजायचं काय? अहो, ऐका तर खरं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वसंतराव भोर-वेल्हे गाडीवर कंडक्टर होते. त्यांचा मेहुणा पुण्यात राहतो. त्याच्या सोसायटीच्या फाटकापाशी भगव्या-पिवळ्या फुलांचा ताटवा होता. कॉसमॉस म्हणतात त्याला. वसंतरावांनी त्याचं मूठभर बी रुमालात बांधून आणलं. काळं, बारीक, सुईसारखं बी. वेल्ह्याचा रस्ता त्यांना फार उघडाबोडका वाटायचा, म्हणून दिलं एक दिवस खिडकीतून भिरकावून. पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला रस्त्याची कड अशी पिवळीजर्द झाली की प्रवासी माना बाहेर काढून बघायला लागले.

झालं! माणसाला नादच लागला. खाऊच्या डब्यात बी घेऊन यायचे, मार्गासनी गाव मागं पडलं की एक मूठ, चढ लागला की दुसरी. ड्रायव्हर ओरडायचा, “मास्तर, आधी तिकिटं फाडा, शेती मागनं करा!” पेपरात फोटो आला. डेपोत शाल मिळाली, नारळ मिळाला. तो फोटो फ्रेम होऊन भिंतीवर गेला, आणि आल्या-गेल्याला चहाच्या आधी तो बघावा लागायचा.

वरच्या वाडीच्या थांब्यावर फुलाबाई रोज दुधाचा कॅन घेऊन उभी असायची. नवरा गेलेला, पदरात चार म्हशी, आणि त्यांच्या जिवावर संसार. कॅन वर घ्यायला वसंतराव हात द्यायचे. एका पावसाळ्यात त्यांनी तिच्या हातात कागदाची पुडी ठेवली.

“मावशी, हे तुमच्या माळावर टाका. बघा, पुण्याची माणसं फोटो काढायला येतील.”

“तुमी दिलं म्हंजी टाकनारच की मास्तर,” फुलाबाई म्हणाली.

आणि टाकलं की बाईनं! ओटीत बी घेऊन, नाचणी फोकावी तसं सगळ्या माळभर फोकलं. पुण्याची माणसं आली, फोटोही काढले. पण दोन-तीन वर्षांत माळावरचं गवत हटत गेलं. कंबरभर गवत असायचं तिथं कंबरभर फुलं. बघायला देखणी, पण म्हैस त्याला तोंड लावील तर शपथ! फुलाबाईला चारा आणायला दोन डोंगर पलीकडं जावं लागायला लागलं. गुडघे बोलायला लागले. एकेक करत म्हशी विकल्या. शेवटची म्हैस, कपिला, विकली त्या वर्षी वसंतराव रिटायर झाले, आणि निरोपाच्या भाषणात लोक फुलांबद्दलच बोलले.

पुढची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. सुलक्षणा नावाची वनरक्षक बदलून आली. भोंगवलीची शेतकऱ्याची पोर, बोलायला सडेतोड. तिनं वरच्या वाडीत मारुतीच्या देवळात सभा घेतली. शाळेच्या गोरख गुरुजींनी मोठ्या हौसेनं वसंतरावांना ‘फुलांचे जाणकार’ म्हणून बोलावलं, आणि बसायला एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची दिली.

सुलक्षणानं कॉसमॉसचं झाड मुळासकट उपटून समोर धरलं. “हे आपल्याकडचं नाही. गवताला उठू देत नाही, आणि एकदा बी पडलं की वर्षानुवर्षं उगवत राहतं. आता खरं सांगा, माळावर आलं कुठून? शिक्षा कुणाला करायची नाहीये. कुठंकुठं टाकलंय ते कळलं तर आवरता येईल.”

वसंतरावांच्या हातात चहाचा कप होता. तो तिथंच थांबला.

फुलाबाई उठून उभी राहिली. “म्या टाकलं, बाई.”

देवळात एकच गलका झाला. तिचा दीर गेनू तर अंगावरच धावून आला. “तरीच म्हनलं! समद्या वाडीचं रान खाल्लंस! कुनी सांगितला हुता तुला हा शानपना?”

“कुनी न्हाई,” फुलाबाई म्हणाली. “माजीच अक्कल.”

तिनं खुर्चीकडं नजरसुद्धा टाकली नाही. आणि वसंतराव? वसंतरावांनी चहा पिऊन टाकला. गार, साय धरलेला. आता बोलू, मग बोलू करता करता सभा उठली.

त्या दिवसापासून वाडीनं वाटणीच करून टाकली म्हणा ना. रस्त्याकडची फुलं मास्तरांची, त्याचं कौतुक मास्तरांना. माळावरचं रान फुलाबाईचं, त्याच्या शिव्या फुलाबाईला. बारशाला, हळदीला तिला टोमणा ठरलेला.

शरम वाटली म्हणूनच वसंतराव सुलक्षणानं फुलं उपटायला केलेल्या गटात गेले. श्रावण-भादव्यात दर शनिवारी माळावर जायचं, बी धरायच्या आत झाडं मुळासकट उपटायची, उमललेली असतील ती तिथं न टाकता पोत्यात भरायची. विळा चालत नाही, कापलं की खालून पुन्हा फुटतं. साठी उलटलेला माणूस वाकून वाकून हिरवे हात करून घेतो. फुलाबाईही येते, शेजारची ओळ धरते. पण त्या पुडीचा विषय तीन वर्षांत दोघांत निघाला नाही. ‘पानी पिता का मास्तर?’ एवढंच ती म्हणायची, आणि ते खाली बघत तांब्या तोंडाला लावायचे.

यंदा पंधरा ऑगस्टला गोरख गुरुजींनी शाळेत घाट घातला. फुलं पेरलीही यांनीच, उपटतातही हेच. अशा माणसाचा सत्कार व्हायलाच हवा! वसंतराव घरी येऊन डोकं धरून बसले. त्यांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, लाटणं खाली ठेवलं.

“तीन वर्षं मला एकटीला सांगताय. मी काय त्या वाडीची पोलीसपाटील आहे? जायचं असेल तर तोंड उघडायला जा. नाहीतर ही दुसरी शाल मी घरात घेणार नाही.”

गेले. झेंडावंदन झालं, शाल खांद्यावर पडली, माईक हातात आला. फुलाबाई मागं भिंतीला टेकून बसली होती, गेनू पुढं.

“हे फूल मी आणलं,” वसंतराव म्हणाले. “माझी चूक झाली.”

टाळ्या पडल्या! गुरुजी गहिवरून म्हणाले, “बघा मुलांनो, किती मोठं मन!” वसंतरावांना वाटलं, खाली बसावं. बोललो की आपण, झालं की. तेवढ्यात त्यांची नजर मागच्या भिंतीकडं गेली. फुलाबाईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

“टाळ्या नका वाजवू!” ते असे ओरडले की माईक शिट्टी मारायला लागला. “माळावरचं बीसुद्धा माझं. मी पुडी दिली या मावशींना, टाका म्हणून सांगितलं. देवळात तुम्ही त्यांना बोललात तेव्हा मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. घाबरलो. माझं नाव जाईल म्हणून घाबरलो.”

गेनूनं मान खाली घातली. खांद्यावरची शाल काढून कुठं ठेवावी ते वसंतरावांना कळेना.

कार्यक्रम कसाबसा आटपला. पोरं खाऊ घेऊन पांगली. फुलाबाई शाळेच्या फाटकापाशी थांबली होती. वसंतराव खाली बघतच म्हणाले, “मावशी, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?”

“तुमी म्होरं बसला हुता की. म्हनलं, सोता सांगतील मास्तर.” तिनं पदर खोचला. “लई वाट बगितली.”

वसंतराव शालीची घडी घालत राहिले.

“कपिलाला नेलं तवा म्या तिच्याम्होरं कान धरलं हुतं,” फुलाबाई म्हणाली. “म्हनलं, बाई गं, तुजं गवत म्याच मारलं, माफ कर. माजं एकटीचंच पाप समजून धरलं. या, गोठा दावते.”

ती पुढं चालायला लागली, ते मागं. गोठ्यात आता सरपण रचलेलं होतं, कोपऱ्यात शनिवारची पोती. कपिलाचा खुंटा तेवढा जमिनीत होता, दाव्यानं घासून गुळगुळीत झालेला. फुलाबाई दारात उभी राहिली.

वसंतराव खुंट्यासमोर वाकले आणि त्यांनी दोन्ही कान धरले. ‘बास आता, मास्तर’ असं तिनं म्हणावं, म्हणून ते वाट बघत राहिले. फुलाबाई लवकर बोलली नाही.