युरोपचा पाहुणा

आमच्या ट्विनिंग कमिटीचे किस्से इतके साठलेत की एक सांगायला गेलो तर दुसरा मध्येच घुसतो. शिवाय डोकं तापतं ते वेगळंच. शुभा म्हणते, "अहो, आधी बीपी मोजून घ्या, मग सांगा!"

तर इंग्लंडमधलं, रीडिंगजवळचं आमचं गाव आणि जर्मनीतलं एक गाव, ही म्हणे जुळी गावं. उन्हाळ्यात तिकडची माणसं यायची आणि इथल्या लोकांच्या घरी राहायची. मी इथला डॉक्टर, हौसेनं कमिटीवर गेलो. एकच इच्छा होती, एखादा पाहुणा आपल्याकडे उतरावा. शुभानं तर गेस्टरूमला नवे पडदेही शिवले.

*

पहिल्या मीटिंगला नाव दिलं. चेअरमन मिस्टर हार्कोर्ट, रिटायर्ड लॅटिन मास्तर. तोंडातला पाइप काढून म्हणाले, "डॉक्टर, युरोपचा पाया म्हणजे ख्रिस्ती धर्म. पाहुण्यांना तुमच्याकडे परकं वाटेल."

मी विचारलं, "तुम्ही चर्चमध्ये शेवटचे कधी गेला होतात?"

"एका लग्नाला."

"कुणाच्या?"

"माझ्या!"

आणि हा माणूस मला पाया शिकवतो!

*

पुढच्या खेपेला मी गावातल्या चर्चच्या पाद्रीबुवांनाच मीटिंगला घेऊन गेलो. ते बिचारे आमच्याकडे नेहमी जेवायचे. हार्कोर्टनी लगेच पाया बदलला. "धर्म जुना झाला हो. युरोप म्हणजे ग्रीस! तर्क, चर्चा, वादविवाद!"

म्हटलं, वादविवाद? पुणेकराला? भांडभांड भांडलो. मीटिंगच्या मिनिट्समध्ये काय लिहिलं ठाऊक आहे? 'डॉक्टर फार वाद घालतात.'

पडदे तसेच लटकत राहिले.

*

मग ते नवे लालसर ब्रिटिश पासपोर्ट निघाले. वर ठसठशीत छापलेलं, युरोपियन कम्युनिटी. त्या खेपेला मीटिंग आमच्याच घरी होती, माझा मी टेबलावर आपटला. हार्कोर्ट म्हणाले, "कागद वेगळा, संस्कृती वेगळी." स्वतःचा जुना निळा पासपोर्ट मात्र छातीशी धरून बसलेले!

वर चहा पिता पिता म्हणतात, "पुढच्या आठवड्यात सुट्टीसाठी युरोपला चाललोय."

शुभानं कप भरता भरता विचारलं, "मग आत्ता कुठे आहात?"

*

बर्लिनची भिंत पडली आणि हार्कोर्टना एकदम उमाळा आला. टाउन हॉलमध्ये भाषण ठोकलं. "युरोप म्हणजे उघडं दार! आपण कुणालाही बाहेर ठेवत नाही, हीच आपली ओळख!" सगळ्यात जास्त टाळ्या मीच वाजवल्या. मूर्ख मी!

नंतर जाऊन विचारलं, "मग यंदा आमच्याकडे कोण?"

"सॉरी डॉक्टर, पाहुणे संपले."

त्यांच्या स्वतःच्या घरी तिघं उतरले होते. संताप संताप झाला माझा! राजीनामाच देणार होतो, शुभानं थांबवलं.

*

आणि एका वर्षी हार्कोर्टचा आपणहून फोन. "डॉक्टर, तुमच्यासाठी पाहुणा आहे!"

मी पाहुण्यांच्या बसपाशी धावलो. उतरले डॉक्टर कमाल. लहानपणी तुर्कस्तानातून जर्मनीत आलेले, आता तिथले हृदयतज्ज्ञ. हार्कोर्टनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांना तुमच्याकडे अगदी घरच्यासारखं वाटेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली! पण पाहुण्याचा काय दोष? घरी आणलं. शुभानं वरणभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या असं साग्रसंगीत वाढलं. कमाल मन लावून जेवले. मग पडद्यांकडे बघत हळूच म्हणाले,

"आमच्या गावात इंग्लंडचे पाहुणे येतात ना, दरवर्षी मी नाव देतो. माझ्याकडे कधी कुणाला पाठवत नाहीत. म्हणून यंदा म्हटलं, आपणच जावं आणि एकदा तरी इंग्रजाच्या घरी राहून बघावं."