सुतळीवरच्या गाठी

"गाडी कंची पन असूंदे मास्तर, बसनारा कोन हाय ते सांगा." असं म्हणत विचुंब्याचे दादा खिळ्यावरची सुतळी काढायचे. मोजपट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही. माणसाच्या कमरेला, गुडघ्याला सुतळी लावायची, गाठ मारायची आणि त्या मापाने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारसायकलचा भाग बनवायचा.

माझ्या गाडीचा फूटरेस्ट मोडला, तेव्हा पाण्याच्या जुन्या पाइपातून त्यांनी नवा केला. दिसायला भयंकर. कंपनीचाच आणतो म्हणालो, तर बोल्ट आवळत म्हणाले, "कंपनीनं तुमचा पाय कदी बगितला?" गाडी विकेपर्यंत तोच होता.

मग दादांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पनवेल गाठायचं. रिक्षात त्यांना मळमळायचं, आणि मोटारसायकलवर धरून बसण्याइतकी ताकद हातांत नव्हती. दादांनी मागच्या सीटला लोखंडी पाठ आणि दोन बाजूंना दोन हात जोडले, खुर्चीसारखे. वहिनी त्यात घट्ट बसायच्या. गल्लीतले लोक हसले. मीही हसलो होतो, त्याची आता लाज वाटते.

वहिनी खंगत गेल्या, तसे दादा दर महिन्याला पाइप कापून खुर्ची अरुंद करत गेले. सुतळीवर जुन्या गाठीच्या आत नवी गाठ पडायची. मी शहाणपणा केला, "पट्टा लावा ना, सारखी कापाकापी कशाला?"

"पट्ट्यानं सामान बांदतात, मास्तर."

एक दिवस मात्र ते खुशीत आले आणि सुतळी माझ्या नाकासमोर धरली. गाठ दोन बोटं बाहेर सरकली होती. "भरली बगा ती. आंग धरलंय." त्याच दुपारी त्यांनी खुर्ची रुंद केली. वहिनींच्या पायांवरची सूज मला दिसत होती. माझी आई याच दुखण्याने गेली. अंगात साचलेलं पाणी मी ओळखतो. पण दादांच्या तोंडाकडे पाहून गप्प बसलो. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या दोन-तीन खेपांत पाणी उतरलं आणि वहिनी त्या रुंद खुर्चीत कलंडू लागल्या. या वेळी दादांनी पाइप कापला नाही. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या कोंबल्या. "परत भरंल ती," म्हणाले, "मंग पुन्ना रुंद कोन करील?"

वहिनी त्याच महिन्यात गेल्या.

दादा आता करंजाड्याला मुलीकडे असतात, सातव्या मजल्यावर. दिवसभर गॅलरीत बसतात, कशाला हात लावत नाहीत, असं मुलगी सांगते. मी भेटायला गेलो तर त्यांनी चहा सांगितला आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसले.

शेडला कुलूप आहे आणि गाडी बाहेर निळ्या प्लास्टिकखाली उभी आहे. परवा वाऱ्याने प्लास्टिक उडालं, म्हणून बांधायला गेलो. टॉवेलच्या घड्या धुळीने ताठ होऊन तशाच बसल्या होत्या. मधली जागा अजून वहिनींच्या मापाची होती.