मामांना एकाच ग्लासात चढली

माझ्या चुलत्याला दारू चढते ती पायरी-पायरीनं, आणि त्या पायऱ्या आमच्या अख्ख्या भावकीला पाठ आहेत. पहिल्या ग्लासाला तो एकदम सभ्य होतो. दिवसभर ज्याला 'ए गाढवा' म्हणून हाक मारली, त्याला 'आवं, बसा की' म्हणायला लागतो. दुसऱ्याला श्रीमंत होतो. तासगावातली निम्मी द्राक्षबाग त्याची असते आणि उरलेली तो घेणारच असतो. तिसऱ्याला प्रेम उतू जातं. कुणाच्याही गळ्यात पडून 'भावा, तुझ्यासाठी जीव देतो' म्हणतो. चौथ्याला हिंदी सुरू होते. सैन्यात तो कधी नव्हता, पण हिंदी सगळी सुभेदाराची. मग रडणं, आणि रडून झालं की जिथं असेल तिथं आडवा. "हिंदीवर आलाय, ताट वाढा," असं आमच्यात सरळ सांगतात.

मी स्वतः तिसरी पायरी कधी ओलांडली नाही. प्रेम उतू जायला लागलं की गुपचूप उठून घरी जायचो. लग्न न झालेल्या माणसाला त्या पायरीवर लय बेकार वाटतं.

आणि माझं लग्नच तर होत नव्हतं! बाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, ट्रॅक्टर आहे, दात सगळे जागच्या जागी आहेत. पण 'पोरगा काय करतो?' 'शेती,' एवढं झालं की समोरच्यांचा चहा गार व्हायचा. विट्याचा माझ्या वर्गातला मित्र तिकडं तमिळनाडूत सोनं गाळतो, त्याला पोरी सांगून यायच्या. मी इथं साखरेसारखी द्राक्षं पिकवतो आणि मला विचारायचे, पुण्यात फ्लॅट आहे का. असं डोकं फिरायचं म्हणता!

तशात मेढ्याकडचं स्थळ आलं. मुलगी साताऱ्यात औषधाच्या दुकानात कामाला. बघायच्या कार्यक्रमात आम्हाला दोघांना गच्चीवर पाठवलं. तिनं विचारलं, "फुलोऱ्यात बागेला वास येतो म्हणतात, खरं का?" आजवर एका मुलीनं मला द्राक्षाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. मी तिथंच संपलो. ही नाही म्हणाली तर आपलं काही खरं नाही, हे मला जिना उतरतानाच कळलं.

तिला वडील नव्हते. ठरवणार तिचे मामा. आणि मामांची एक ठरलेली रीत होती: होकाराआधी पोराच्या शेतावर जायचं, मटण खायचं, स्वतः बाटली काढायची आणि पोरापुढं ग्लास ठेवायचा. पोरानं उचलला की स्थळ मोडलं. पोरगं पितं का हे बघायला मामा स्वतः प्यायचे! मध्यस्थानं ही रीत आम्हाला आधीच सांगून ठेवली होती. आई म्हणाली, "थेंब शिवलास तर तंगडं मोडीन."

मामा आले ते नेमके ऑक्टोबर छाटणीत. छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, सगळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना एक औषध लावतात. लावलेलं कळावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. त्याला आम्ही पेस्ट म्हणतो. या पेस्टची एक खोड आहे. ती अंगाला लागली असेल आणि वर दोन दिवसांत दारू पोटात गेली, की माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं फुटायला येतं. बागायतदाराच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मामांचं सगळं आयुष्य भातात आणि नाचणीत गेलेलं. त्यांना कुठलं ठाऊक!

बांधावर पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी पेस्ट लावणाऱ्या एका बाईच्या हातातलं फडकं घेतलं आणि उघड्या हातानं पेस्ट लावायला सुरुवात केली.

"आवं मामा, हातमोजं तरी घाला!"

"मेढ्याचा गडी हाय पावणं, हातमोजं कसलं सांगता!"

दोन ओळी लावून मामा कोपरापर्यंत लाल. दिवस कलायला लागला, चुलत्यानं चुलीवरचं मटण उतरवलं, आणि मामांनी पिशवीतनं बाटली काढली. एक ग्लास माझ्यापुढं, एक स्वतःपुढं. चुलता शहाणा, त्यानं हात लावला नाही. त्यानंही दिवसभर पेस्टच लावली होती.

"मामा, आज नको," मी म्हणालो. "पेस्ट लावलीय."

मामा मिश्या पुसत हसले. "म्हंजे पेस्ट नसती तर घेतली असती?"

हात तिच्या! पार अडकलो. "न्हाई न्हाई," मी म्हणालो, "लोकं सांगत्यात, त्यावरनं म्हणालो." मामांचं समाधान झालेलं दिसलं. आता गप्प बसलं की जमलं होतं. गच्चीवरची ती पोरगी माझी होती, मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं.

आणि मामांनी लाल हातानं ग्लास उचलला.

मी त्यांचं मनगट धरलं. "आवं मामा, मी पितो! खरंच पितो! मागं पेस्ट लावून घेतली हुती, मरता मरता वाचलोय. टाका ती!"

"सापडलास!" मामा आनंदानं ओरडले, आणि त्या आनंदात सगळा ग्लास एका दमात रिकामा केला.

मग जे झालं ते चुलत्यालाही कधी जमलं नव्हतं. मामांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, कानसुद्धा. मी त्यांना उचलून, ते आले होते त्याच जीपमध्ये घातलं आणि डोकं मांडीवर घेतलं. तासगावात पोचेपर्यंत त्या एका ग्लासात ते सगळ्या पायऱ्या चढले, त्यासुद्धा धावत. आधी मला 'आवं साहेब' म्हणाले. मग जावळीतले सगळे डोंगर आमच्या नावावर करून टाकले. मग माझ्या गळ्यात पडले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी भगाव, हम जा रहे हैं." एका ग्लासात हिंदी ऐकून चुलत्यानं हात जोडले. तेवढ्यात मामांनी रडत रडत मोबाईल काढून बहिणीला, म्हणजे मुलीच्या आईला, फोन लावला.

"आक्का, मी चाललो गं! पोरगं लय गुणाचं हाय, मला मांडीवर घेतलंय. पर पितंय गं आक्का, पितंय!"

मला हसावं का जीपमधनं उडी टाकावी कळेना. डॉक्टरांनी मामांचे हात बघितले, म्हणाले, "पेस्ट का?" आणि खाटेवर झोपवलं. तासा-दोन तासांत धडधड बसली.

सकाळी तिचा फोन आला. मी बागेत होतो.

"मामा कसे आहेत?"

"बरे आहेत. न्याहारी झाली. हातमोजं घालून पेस्ट लावायला गेलेत."

ती हसली नाही. "तुम्ही पिता?"

"कवातरी," मी म्हणालो. "पितो."

"मामांना कशाला सांगितलंत? बसायचं गप्प."

"आणि त्यांनी ग्लास तोंडाला लावला हुता त्याचं काय?"

मग ती म्हणाली, "माझे वडील आईला बघायला आले तेव्हा म्हणाले होते, सुपारीसुद्धा खात नाही. मामांनीच जमवलं होतं ते लग्न. वडील दारूतच गेले."

प्रत्येक पोराच्या शेतावर हा माणूस बाटली घेऊन का जातो, ते मला तेव्हा कळलं.

"आई काल झोपली नाही," ती म्हणाली. "आज सकाळी म्हणाली, हा निदान सांगून तरी पितो. माझा होकार आहे. पण घ्यायची त्या दिवशी आधी मला सांगायचं. लपवायचं नाही."

"सांगीन!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बायका काम टाकून बघायला लागल्या, आणि मामाही. मी पळत जाऊन मामांच्या गळ्यात पडलो.

लग्नाला आता दोन द्राक्षहंगाम झाले. शब्द दिलाय तो मी पाळतो. मित्रांचं बोलावणं आलं की आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो. ती वर बघते. तोंडावर हसू असतं, पण हातातलं लाटणं थांबलेलं असतं. मग मी म्हणतो, "काय न्हाई, पाणी दे."