चिंधी बांधलेली कणसं

पौष लागला की दर शनिवारी आमच्या रानात पुण्याची माणसं उगवायची. त्यांना पेरावं लागत नसे की पाणी पाजावं लागत नसे. दिवस कलता कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर मोटारीचा धुरळा दिसला की मी चुलीवरची आमटी उतरवून मटणाचं पातेलं चढवायची, कारण पाहुण्यांना आमटी चालत नसे. आमटी ते पुण्यात रोजच खात. इथं आलं की त्यांना अस्सल गावरान काहीतरी लागे, आणि अस्सल म्हणजे बोकड, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं. आम्ही सणावाराला, जत्रेला काय मटण खाऊ तेवढंच. म्हणजे खरे गावरान आम्ही नव्हतोच, ते होते.

ही पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. आमची वस्ती सांगवीच्या शिवारात, कालव्याच्या पाण्याखाली. माझं लग्न होऊन फार दिवस झालेले नव्हते. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. पाहुण्यांची मोटार भरून आणायचे ते ह्यांचे धाकटे चुलत भाऊ, आमचे पुण्याचे भाऊजी. त्यांची आई ते रांगते असतानाच गेली. आत्याबाईंनी त्यांना आपल्या मुलाबरोबर एका ताटात जेवू घालून वाढवलं. पुढे ते शिकले, पुण्यात एका कंपनीत साहेबाच्या हाताखाली लागले. हाताखालच्या माणसानं साहेबाला काय द्यावं? भाऊजींनी आमचं रान दिलं. शनिवार-रविवारपुरतं, चुलीसकट आणि माझ्यासकट.

तेव्हा राज्यात दारूबंदी होती. गावात कुणाकडे हातभट्टीचा नुसता वास आला तरी पोलीस दाराशी. पण साहेबाकडे परवाना होता. या माणसाला दारू मिळाली नाही तर त्याच्या प्रकृतीला धोका आहे, असं कुण्या डॉक्टरानं लिहून दिलेलं. इतका धडधाकट आजारी मी जन्मात पाहिलेला नाही. सहा भाकऱ्या आणि पातेलं तळाला जाईल इतकं मटण खाऊन हा रोगी वर विचारायचा, "नळी संपली का हो?" साहेबीणबाईंना परवाना नव्हता. त्यांची बाटली वेगळी, लाल, गोड, द्राक्षाची. तिला त्या दारू म्हणत नसत, टॉनिक म्हणत. दोन फुलपात्रं टॉनिक पोटात गेलं की त्यांना आमची गाय फार आवडू लागे, आणि त्या गोठ्यात जाऊन तिच्या गळ्यात पडत. गाय सोसायची. गाय गरीब होती.

साहेब पिण्याआधी जे करायचा ते बघायला मी दाराआड उभी राहायची, खोटं कशाला बोलू? पेंढ्यात गुंडाळून आणलेले काचेचे पेले तो स्वतः पुसायचा. पेला कंदिलासमोर धरून आधी रंग बघायचा. मग नाक पार आत घालून वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा इकडून तिकडे फिरवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आधी धूर लागतो. मग मध. आणि अगदी शेवटी ओली माती." भाऊजी लगेच डोळे मिटून म्हणायचे, "हो हो, माती!" त्यांना काय कपाळ लागत होतं देव जाणे. साहेबाला धूर लागला की यांना ठसका यायचा, एवढं खरं.

आत्याबाई चुलीपाशी बसून हे ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "धूर, मध आन् वली माती? आगं, मग त्यास्नी बांधावर बसव की. बाटली कशाला पायजे?"

पण भाऊजींना त्या एका शब्दानं बोलायच्या नाहीत. मी कुरकुरले की म्हणायच्या, "त्याला आई न्हाय. त्यानं माणसं आणायची तर कुठं आणायची?" तिशीला आलेल्या, बुटाला पॉलिश करणाऱ्या बाप्याला आई नाही म्हणून मी भाकऱ्या थापायच्या! पण सासूपुढे बोलायची सोय नव्हती.

शनिवारची रात्र बोकडाची आणि रविवारची सकाळ हुरड्याची. हुरडा म्हणजे ज्वारीचं कोवळं कणीस शेणीच्या निखाऱ्यात भाजायचं आणि गरम आहे तोवर तळहातावर चोळून दाणे खायचे. तसा कुठल्याही ज्वारीचा होतो. पण आमच्याकडे गूळभेंडीची ज्वारी होती. दाणा टपोरा, चोळला की कोंड्यातून सळकन सुटणारा, आणि गोड इतका की बरोबर गूळ घ्यायची गरज नाही. ती ज्वारी आत्याबाईंची. लग्नात माहेराहून, पळसदेवहून, ओटीत जे बी आलं ते त्यांनी विहिरीजवळच्या चार ओळींत पेरलं, आणि तेव्हापासून दर साली त्यातलंच राखून पुढच्या साली पेरत आल्या. बाकीचं रान ह्यांचं, आधी मामंजींचं. त्या चार ओळी तेवढ्या त्यांच्या. त्यांच्या नावावर दुसरं काही नव्हतं, आणि मागितलंही नव्हतं.

हुरड्याच्या ज्वारीची एक अडचण असते. ती पिकायच्या आधीच खायची असते. जिभेच्या नादानं सगळीच खाल्ली तर पुढच्या साली पेरायचं काय? म्हणून दाणा भरू लागला की आत्याबाई पहिल्यांदा स्वतः ओळींतून फिरत. भरदार, एकसारखी कणसं निवडायच्या आणि त्यांच्या दांड्याला जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधायच्या. चिंधी बांधलेल्या कणसाला हात लावायचा नाही. ते शेतातल्या उभ्या ताटावरच पिकू द्यायचं, मग बियाला काढायचं. आमच्या भागात शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. चिंधीच्या कणसाला कुणी शिवत नाही, चोरसुद्धा नाही.

त्या साली तर त्या चिंध्यांना फारच मोल होतं. पावसानं ओढ दिली, विहीर आटली, कालव्याची पाळीही लांबली, त्यामुळे पहिली पेरणी वाळून गेली, आणि अडीअडचणीला म्हणून मडक्यात राखलेलं बीही दुसऱ्यांदा पेरावं लागलं. मडकं रिकामं. आधीच्या शनिवारांच्या पाहुण्यांनी बिनचिंधीची कणसं जवळजवळ संपवत आणली होती. आत्याबाई म्हणाल्या, "आता येत्या ऐतवारी त्यास्नी मोठ्या रानातली साधी कणसं भाजू. चिंधीची तेवढी ऱ्हाऊ दे."

त्या रविवारी कालव्याच्या पाण्याची आमची पाळी होती. हे फावडं घेऊन पहाटेच पाणी धरायला गेले. आत्याबाई धारेला बसल्या होत्या, मी लसणाची चटणी कुटत होते. भाऊजी आले आणि म्हणाले, "वहिनी, कणसं मी आणतो. मला काय रान नवीन आहे?" मी म्हटलं, "मोठ्या रानातली आणा." "हो हो," म्हणाले, आणि साहेबाला घेऊन गेले. साहेबाच्या हातात काठी होती आणि डोक्यावर शिकारीला जातात तसली टोपी. कणसं काही पळून जाणार नव्हती, पण असो.

आत्याबाई दुधाची चरवी घेऊन आल्या तेव्हा निखारा फुलला होता, साहेबानं सकाळीच पेला भरला होता आणि साहेबीणबाई सतरंजीवर बसून हसत होत्या. बाटली त्यांच्यापुढे होती. बाटलीच्या गळ्याला हिरवी चिंधी बांधलेली, छानसं फूल काढून.

आत्याबाई जिथल्या तिथं थांबल्या.

"काकी!" भाऊजी लांबूनच ओरडले. "तू सांगितलंसुद्धा नाहीस! उत्तम उत्तम कणसं आमच्यासाठी खुणा करून ठेवलीस होय? मी साहेबांना म्हटलं, बघा, याला म्हणतात माया!"

मला आधी कळलंच नाही. मग निखाऱ्याशेजारचा चिंध्यांचा ढीग दिसला. मी ओळींकडे धावले. नुसती ताटं उभी होती, माना कापलेली. परत येऊन बघते तर न भाजलेली पाच-सहा कणसं सुपात होती, पण दाणा दुधात. कोवळं कापलेलं ते, वाळवलं तरी उगवायचं नाही. हे मला कळत होतं तर आत्याबाईंना कळत नसेल? साहेबाला ठाऊक नसेल, त्याला ज्वारी झाडाला लागते की वेलीला हेही माहीत नव्हतं, त्याचा राग मला तेवढा नाही आला. पण हा! याच ओळींत खेळून मोठा झालेला, यानं चिंधीशी नुसतं खेळायला गेलेल्या पोरांच्या पाठीत लहानपणी स्वतः धपाटे घातलेले. पुण्याच्या नळाचं पाणी इतकं बाधतं होय?

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी माझा दंड धरला. पाहुणे दारात होते. चरवी खाली ठेवून त्या आगटीपाशी बसल्या आणि स्वतःच्या हातानं कणसं चोळून साहेबापुढे दाणे ठेवत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ग्वाड हाय का, सायेब?"

साहेबानं पेल्यातला घोट घेतला, दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले. "बरा आहे," तो म्हणाला. "जरा धुरकट लागतो."

रात्रीची दारू, सकाळची दारू, वर लसणाची चटणी. त्या जिभेला काय लागणार होतं? गाढवाला गुळाची चव काय, हे मी चांगलं मोठ्यानं म्हटलं, पण चटणी कुटता कुटता, म्हणून ते उखळालाच ऐकू गेलं. संध्याकाळी साहेबाच्या पोटात हुरडा फुगला आणि तो मोटारीत आडवा होऊन गेला, याचं मला मनापासून समाधान वाटलं. अजूनही वाटतं.

आमचे हे पाणी देऊन घरी आले. ऐकून म्हणाले, "जाऊ दे. बाजारात बियाणं मिळत न्हाय व्हय?" आत्याबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मागाहून फुटलेली दोन बारीक कणसं ओळीत सापडली. आत्याबाईंनी त्यांना फडकी गुंडाळली, पाखरं हाकत बसल्या. काढली तेव्हा दोन्ही पोचट निघाली. मग माघ संपता संपता त्या मला म्हणाल्या, "चल, पळसदेवला जाऊन येऊ. माझ्या भावाकडं असंल."

एस.टी.नं भिगवण, तिथून पळसदेव. वाटभर त्या खुशीत होत्या. भावाला काय सांगायचं, किती बी मागायचं, ते बोलत होत्या. मामांनी पाय धुवायला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आक्का, आमी तर कवाच सोडली ती ज्वारी. पाखरं लई पडत्यात. म्हटलं, आक्काकडं हायच की. लागली तर तिच्याकडनं आणू."

आत्याबाईंनी बियासाठी आणलेली रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली. परतताना मात्र एस.टी.त पदर तोंडाला लावून रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेव्हा भाऊजी समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

"भाऊजींना सांगायचं नाही?" मी विचारलं.

"सांगू नगं. त्याच्या जिवाला लागंल. आन् सांगाया कशाला पायजे? त्याच दाण्यावर वाढलाय त्यो. पुढच्या साली तोंडात टाकल्या टाकल्या वळखंल, आन् इचारंल, काकी, आपली ज्वारी कुठं गेली? मग सांगीन." हे त्या मला वर्षभरात पुष्कळदा म्हणाल्या. हस्तात त्या चार ओळींत साधीच ज्वारी पेरली तेव्हाही म्हणाल्या.

पुढचा पौष आला. मोटार आली, बोकड झाला, धूर-मध-माती झाली. रविवारी आत्याबाई आगटीपाशी बसल्या, पहिलं कणीस चोळलं आणि ते दाणे साहेबाला न देता भाऊजींच्या हातावर ठेवले. हात मागे घ्यायलाही विसरल्या.

भाऊजींनी दाणे तोंडात टाकले. साहेबाकडे बघितलं. साहेबानं डोळे मिटले होते, म्हणून यांनीही मिटले.

"वा!" ते म्हणाले. "साहेब, हीच ती आमची गूळभेंडी. काकीच्या हातची. अख्ख्या जिल्ह्यात अशी चव मिळायची नाही!"

मला राहवलं नाही. "भाऊजी, ती गूळभेंडी तुम्ही गेल्या साली खाऊन संपवलीत. चिंध्या सोडून. ही साधी ज्वारी आहे, बैलांना कडबा घालतो ती."

 ते हसले आणि त्यांनी हात पुढे केला. "असं होय? पण हीसुद्धा फर्स्टक्लास आहे की! वाढा अजून."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी पुढचं कणीस निखाऱ्यातून काढलं, झटकलं आणि सुपात माझ्याकडे सरकवलं.

"वाढ गं त्यास्नी," त्या म्हणाल्या. आजवर त्या भाऊजींना त्यो म्हणत आल्या होत्या. "पाव्हणं हायेत ते."