चार बोटं जास्त

मी तापट आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी माझ्या बापाशी जशी वागले ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल, आणि यायलाच हवा.

लॉकडाऊन लागलं तेव्हा आम्ही गुजराती मुलखात, गोडादऱ्यात एका खोलीत राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, लूमच्या कारखान्यात कापड मोजून ताक्यांच्या, म्हणजे ताग्यांच्या, घड्या घालायचे. माय घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. आणि मी पोलीस भरतीच्या मागे लागलेली. घरात ठरलं होतं, एकदाच भरती द्यायची. झाली तर झाली, नाहीतर गावाकडे काकांनी पाहून ठेवलेल्या स्थळाला मुकाट्याने हो म्हणायचं. मुलगा काही वाईट नव्हता हो, पण मला खाकी हवी होती. इथल्या भरतीत मुलींना सोळाशे मीटर साडेनऊ मिनिटांत पळावं लागतं. मैदानावर सराव सुरू करून महिना झाला नाही तोच मैदानाला कुलूप लागलं. भरती पुढे गेली, ती कधीपर्यंत ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

लूम थांबले आणि निम्मी गल्ली गावी निघाली. काकांचा रोज फोन, "या इकडे, पोरीचंही उरकून टाकू." मायने पिशव्या भरून ठेवल्या होत्या. नानांनी त्या एका संध्याकाळी परत रिकाम्या केल्या. म्हणाले, "गावी गेलो की हिचं पळणं बंद. ट्रॅकपँट घालून निघाली तर चार लोक बोलतील, अन् भाऊ लग्नाची तारीखच काढेल." घरात पीठ जेमतेम होतं. तरी आम्ही थांबलो.

वर धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पळू का असं घरमालकांना विचारलं तर ते म्हणाले, "दोडो बेन, पण टांकी संभाळजो." मग नानांनी धाबं मोजलं. नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत एक मीटर, तेवढी सुतळी कापली आणि उकिडवे बसत बसत कडेने सरकत गेले. एक फेरा बत्तीस मीटर भरला. म्हणजे पन्नास फेऱ्या. "पय पोरी, मी मोजस," म्हणाले आणि टाकीला टेकून बसले.

लूमच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस. कान गेलेले, आणि आवाज असा की "सतरा!" म्हटलं तर तीन गल्ल्या दचकायच्या. शेजारच्या धाब्यांवर कंटाळलेली माणसं उभीच असायची. कोणीतरी मुद्दाम ओरडायचं, "नाना, सोळाच झाल्या!" की नाना भडकलेच. मग भांडणात खरंच आकडा चुकायचा आणि मला एक फेरी जास्त पडायची. अशी करमणूक.

पण वेळ काही जुळेना. दोन महिने झाले, टाचा फुटल्या, तरी दहा मिनिटं पाच सेकंद. कधी दहा मिनिटं दहा. एके सकाळी मी मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं आणि नानांवर फुटले. "ताके मोजणाऱ्याला पळण्यातलं काय कळतंय! उगीच थांबलो इथे. सांगा काकांना, तयार आहे मी." बूट पलंगाखाली भिरकावले. पुढचे चार दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि नाना मात्र पहाटे एकटेच धाब्यावर जायचे, थोडा वेळ थांबून खाली यायचे.

पाचव्या दिवशी मायला मास्क शिवायचं काम मिळालं. तिने नानांकडून दहा मीटर कापड मोजून घेतलं, टेपने पुन्हा मोजलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, पाऊण मीटर जास्त भरतंय हे! घरातही तेच का? दर मीटरला चार बोटं?"

"सोडावीच लागतात," नाना म्हणाले. "ताका कमी भरला तर व्यापारी परत धाडतो."

मी ताडकन उठून बसले. "नाना, धाब्याच्या सुतळीलापण चार बोटं?"

नानांनी हात हवेत ताणून बघितला. हाताला सवयच ती, त्यांनाही आठवेना. मायचा टेप घेऊन तिघं वर गेलो. एक फेरा चौतीस मीटरच्याही वर निघाला! म्हणजे फेऱ्या सत्तेचाळीसच हव्या होत्या. मी रोज शंभर मीटर फुकट पळत होते. तिथल्या तिथे बूट घालून पळाले. साडेनऊला चार सेकंद कमी. मी खाली बसून हसता हसता रडायला लागले.

नाना जवळ आले. म्हणाले, माझ्याएवढे होते तेव्हा धुळ्याला फौजेच्या भरतीला गेले होते. छाती दोन बोटं कमी भरली. "कमी भरनं का परत धाडतस, पोरी." हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. त्यानंतर मी पन्नास फेऱ्याच चालू ठेवल्या. जास्तीच्या तीन राहू दिल्या.

भरती निघाली तेव्हा नाना सोबत आले. मोकळं मैदान, सरळ वाट, कोपरे नाहीत, टाकी नाही. नऊ मिनिटांच्या आत आले मी. पुढे लेखी झाली, निवडही झाली. काकांनी पेढे मागितले. पण माझ्यासाठी सगळं त्या पळण्याच्या दिवशी, मैदानाच्या फाटकापाशीच झालं होतं.

पळून बाहेर आले तर नाना फाटकावरच्या शिपायाला हात जोडत होते. काही मागायचं नव्हतं, नुसतं आत डोकावायचं होतं. त्याने दोन पावलं आत येऊ दिलं. नानांनी चपला काढल्या आणि आखलेल्या पट्ट्यांकडे बघत उभे राहिले. मी मागून म्हटलं, "नाना, तुम्ही थांबलात म्हणून मी पळाले." त्यांना ऐकू गेलं नाही. आमच्यात असं कोणी कोणाला बोलून दाखवत नाही. एकदा म्हणतानाच जीभ अडखळली होती. तरी मी त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा म्हटलं. फाटकाबाहेरच्या अख्ख्या रांगेने माना वळवल्या एवढ्या मोठ्याने.